रॉकेटमामांची तेहेतीस मिनिटं

दौंडचे रॉकेटमामा अपमान विसरत नसत. रेल्वेतून निवृत्त झालेला, हळू बोलणारा माणूस. पण कुणी त्यांच्या कॅसेटना हसलं की ते नाव त्यांच्या डोक्यात कायमचं बसे.

त्यांचा छंदच तसा होता. जुने, परदेशी, चावट अंतराळपट ते जमवत. पत्र्याचं रॉकेट, त्याला बांधलेली दोरी, आणि चंदेरी कपड्यांतल्या शुक्रावरच्या बायका नवरे शोधायला पृथ्वीवर उतरतात. मी शिरूरहून रविवारी जायचो. एका यानात भिंतीवरचं घड्याळ सात वेळा दिसतं, हे आम्ही मोजलं होतं. "दोरी दिसती म्हणूनच बघायचं," मामा म्हणत. "चांगल्या पिक्चरच्या हजार कॉप्या निघत्यात. ह्याची एकच, आन् ती माझ्याकडं हाय."

ती एकुलती एक कॅसेट त्यांनी न्हावऱ्याच्या शूटिंगवाल्या आप्पांना दुसरी कॉपी काढायला दिली. आप्पांकडे कोरी कॅसेट संपली होती. त्यांनी हिच्याच, वर दुसरं काही भरू न देणाऱ्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि वर स्वतःच्या मुलीचा साखरपुडा भरला.

"असल्या बायांसाठी रडताय व्हय, मामा? वय काय तुमचं?" आम्ही कॅसेट आणायला गेलो तेव्हा आप्पा चारचौघांत हसले.

मामांनी एवढंच विचारलं, "साखरपुडा किती मिनिटांचा?"

"एक्कावन्न. परवा दुपारी व्याही येत्यात बघायला. तुम्ही बी या."

पिक्चर चौऱ्याऐंशी मिनिटांचा. बाहेर येताच मी म्हणालो, "मामा, पुढची तेहेतीस शिल्लक आहेत. सांगा त्यांना, तेवढी तरी वाचतील."

"सांगायचं न्हाई," मामा म्हणाले.

ठरल्या दुपारी ते आप्पांच्या घरी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. रिमोट मांडीखाली. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, पडदा क्षणभर करडा झाला आणि साबणाच्या फेसातून शुक्राची राणी उठली. व्याह्यांचा चहा बशीतच राहिला. आप्पा रिमोट शोधत चार मिनिटं घरभर धावले. शेवटी त्यांनी कॅसेट उपसली, फीत ओढून काढली आणि तशीच चुलीत घातली.

स्टँडकडे चालताना मी म्हणालो, "तुमची एकोणतीस मिनिटं गेली, मामा."

"आन् त्याची एक्कावन्न."

एसटीत दौंड येईपर्यंत मामांनी मला ती एकोणतीस मिनिटं तोंडी सांगितली, एकही प्रसंग न गाळता.

मामा गेले. तसली दुसरी कॅसेट मला आजवर मिळालेली नाही. राणीचं पुढं काय झालं, हे कुणीही विचारावं, मी सांगेन. आप्पांना मात्र सांगणार नाही.