उतारावरचा वारा

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी घाटातल्या एका डोंगरउतारावरचा वारा मोजत होते. उतारावर एक लोखंडी मनोरा, त्याच्या आडव्या दांडीवर वारा मोजणारं यंत्र, आणि त्याचे आकडे बंगळूरला माझ्या संगणकावर. सूर्य मावळला की उतारालगतची हवा गार आणि जड होऊन खाली घसरते, हे पुस्तकात असतंच. पण आमच्या डोंगरावर ती संथ घसरत नव्हती. अडून अडून, उसळ्या मारत येत होती. हे मला सापडलं होतं.

मी ते आधी प्रयोगशाळेतल्या सीनियरला दाखवलं. चूक असेल तर चारचौघांत कळायला नको, एवढाच हेतू. तो पुण्याचा. माझं घर इथलंच, बंगळूरच्या जयनगरचं. आमचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून निम्मं कन्नड झालेलं. त्याला त्याची फार गंमत वाटे. 'थोडं'ऐवजी माझ्या तोंडी येणारं कन्नड 'स्वल्प' तो चिडवायला वापरायचा, आणि माझ्याहून मोठा असून मला अक्का म्हणायचा.

पुढच्या बैठकीत त्यानं माझेच आलेख पडद्यावर लावले आणि "मला असं दिसलं" म्हणून सुरुवात केली. मॅडम, म्हणजे आमच्या गाइड, खूश झाल्या. लेखाच्या मसुद्यात त्याचं नाव पहिलं आलं. माझं शेवटी, आभारांत. मला तेव्हा बोलता आलं नाही. पण बसमध्ये, जेवताना, केस विंचरताना मी त्याला मनातल्या मनात भर सभेत उभा करत होते.

पावसाळ्यानंतर दुरुस्त झालेलं यंत्र परत बसवायला आम्ही दोघं गेलो. दांडी नेमकी उत्तरेला लावावी लागते, वाऱ्याची दिशा तिच्यावरून ठरते. त्यासाठी होकायंत्र घेऊन मनोऱ्यापासून बरंच लांब जायचं, कारण लोखंडाजवळ ते फसतं. त्या दिवशी दाट धुकं होतं आणि तो कुडकुडत होता. त्यानं फोनमधलं होकायंत्र उघडलं आणि फोन सरळ मनोऱ्याला टेकवला. वर फोनच्या कव्हरला लोहचुंबकाचं बटण. मी तोंड उघडलं.

"अक्का, आता भाषण नको. स्वल्प लवकर आवरू."

मी तोंड मिटलं. तो तिथं पहिल्यांदाच आला होता. मला धुक्यातही उत्तर कुठं ते ठाऊक होतं. दांडी जवळजवळ दक्षिणेकडे होती. परतताना जीपमध्ये मला छान झोप लागली.

नव्या आकड्यांत रात्रीचा वारा डोंगर चढत होता. त्याला शंका यायला हवी होती. त्याला आनंद झाला. त्यानं त्यावर अख्खा सिद्धान्त रचला आणि बाहेरून तज्ज्ञ येणार होते त्या सभेत मांडला. पहिल्या वर्षीच्या आकड्यांशी हे जुळत का नाही, असं एकांनी विचारलं. तेव्हा माझ्याकडे बोट करून त्यानं सांगितलं की जुने आकडे हिनं साफ करताना बिघडवलेत.

मी हात वर केला. गार हवा डोंगर कशी चढली, एवढंच विचारलं. पलीकडच्या दरीतून येणाऱ्या लहरींबद्दल तो बराच वेळ बोलला. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. दिशेची खात्री आहे ना, विचारलं. आहे, म्हणाला.

"तुम्ही फोन मनोऱ्याला टेकवला होता. तेव्हा त्यानं उत्तर कुठं दाखवली?"

त्या खोलीत हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मागून कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्यालाच दिशा उलटी करून आलेख पुन्हा काढायला लावला. सगळ्यांदेखत, त्याच्याच हातांनी. पडद्यावर वारा उतारावरून खाली आला, माझ्या उसळ्यांसकट.

या उसळ्या पहिल्यांदा कुणी पाहिल्या, मॅडमनी त्याला विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"हिनं," तो म्हणाला.

मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं की लेख आता मी लिहायचा, माझ्या नावानं. मग कॉफी आली. मला ती इतक्यात यायला नको होती. तो अजून थोडा वेळ पडद्यासमोर उभा राहिलेला मला चालला असता.

कप घेऊन तो माझ्यापाशी आला. "तेव्हाच सांगायचंस ना, डोंगरावर."

"मग तुम्ही दांडी सरळ केली असती," मी म्हटलं. "आणि उसळ्या तुमच्याच राहिल्या असत्या."