दादरच्या कणसांवरचे श्रोते

धुळ्याहून जळगावला मी रेडिओवर बोलायला आलो, तेव्हा माझा आवाज इतका गोड होता की माइकला मुंग्या लागत. खोटं वाटत असेल तर आमच्या स्टेशनच्या मालकांना, शेठना विचारा, मुंग्यांचा खडू ते स्वतः ओढायचे.

तेव्हा आमचं स्टेशन कॉलेजच्या पोरांसाठी होतं. पोरं मोबाइलमध्ये शिरली ती परत बाहेर आलीच नाहीत. मग आम्ही गृहिणींकडे वळलो. शेवभाजीच्या तर्रीपासून सासूच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोललो. त्याही पोरांच्या मागोमाग मोबाइलात गेल्या. उरले कापडबाजारातले मारवाडी दुकानदार. त्यांच्यासाठी पहाटेपासून भजनं लावली, तर त्यांच्या नातवांनी दुकानात भिंतभर टीव्ही टांगले. माझ्या सकाळच्या कार्यक्रमात फोन वाजेना. शेठ म्हणाले, "आठवड्यात श्रोता दाखव, नाहीतर धुळ्याची गाडी पकड."

आणि फोन आले की हो! तेही खेड्यापाड्यांतून. मागणी सगळ्यांची एकच, "भाऊ, गाणा नको लावू. तू बोलत ऱ्हाय."

माझी छाती फुगून टेबलाला टेकली. पाचोऱ्याकडच्या एका आबांना मी लाडात विचारलं, "माझं काय आवडतं तुम्हाला?"

"माले कोठे येळ शे ऐकाले? दादरमा बांबूले रेडिओ टांगेल शे. माणूस बोलना का पाखरे पळतस, गाणं लागनं का खावाले बठतस."

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. दाणा दुधात आला की सकाळी तिच्यावर थवे उतरतात. माझ्या कार्यक्रमाची वेळ आणि पाखरांच्या न्याहारीची वेळ एकच!

शेठनी त्याच दिवशी गाणी बंद केली. "श्रोता बदलला, पण आहे ना?" बियाण्यांच्या, फवारणी पंपांच्या जाहिराती धो धो आल्या. मी बोलत सुटलो. बोदवडच्या बाजारातले धान्याचे भाव वाचले, लग्नपत्रिका वाचल्या, एकदा औषधाच्या बाटलीवरचं सगळं बारीक वाचलं. जामनेरपर्यंतच्या चिमण्या उपाशी मरायच्याच काय त्या बाकी राहिल्या.

पण पाखरू हुशार. एका सकाळी कार्यक्रम चालू असतानाच आबांचा शेतातून फोन. "भाऊ, पाखरे आते भेतस नई. तुन्हा रेडिओवरच बठेल शेतस."

काचेपलीकडून शेठनी बोट दाखवलं. ते बरोब्बर धुळ्याच्या दिशेला होतं.

मग मी जी डरकाळी फोडली! पोपटांच्या सात पिढ्या उद्धारल्या, चिमण्यांचं चारित्र्य काढलं. स्टुडिओच्या काचा थरथरल्या, खाली चहावाल्याचं दूध फाटलं. धापा टाकत विचारलं, "आबा, काय करतायत?"

"एक पोपट मान हालवी ऱ्हायना. त्याले तुन्हं बोलणं पटेल दिखस."

हे मात्र लागलं हो. माणसं सोडून गेली ते सोसलं, पण पोपटानं अशी मान डोलवावी? नोकरी गेलीच होती. मी माइकसमोरून तोंड फिरवून घेतलं. रेडिओवर चिडीचूप.

आणि फोनमधून आवाज आला, फर्रर्र!

"उडी ग्यात! बठ्ठा उडी ग्यात!" आबा ओरडले. "काय करं रे भाऊ तू?"

"काहीच नाही, आबा."

"मंग तेच कर!"

शेठचं बोट हळूच खाली आलं. तेव्हापासून मी बोलता बोलता मध्येच गप्प होतो आणि त्याचा पगार घेतो. एका बियाणेवाल्यानं तर माझं गप्प बसणं प्रायोजित केलंय. फक्त त्याची एक तक्रार आहे, की गप्प कधी होणार ते आधी जाहीर करा. ते मी करत नाही. पाखरं ऐकत असतात.