पोनिदी पाक्दे काही मरेनात

सुराबायातल्या आमच्या वाहिनीवर रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेत पोनिदी पाक्दे माळी होते. पाक्दे म्हणजे थोरले काका. स्टुडिओत चहावाल्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळेच त्यांना तसं म्हणत. मी तिथे आवाजाचं काम बघतो, म्हणजे लांब काठीला माइक लावून नटांच्या डोक्यावर धरतो. त्यामुळे पाक्देंचं मरण मला अगदी वरून बघायला मिळालं.

पाक्दे मूळचे लुद्रुकचे. हे आमच्याकडचं गावोगाव फिरणारं नाटक. लिहिलेलं काही नसतं, बायकांची कामं पुरुष करतात, आणि म्होरक्या पडद्यामागे कथा सांगतो तेवढ्यावर अख्खा खेळ ओढायचा. ऐन तारुण्यात पाक्दे राणी व्हायचे. त्यांच्या कमरेवर भाळून एका तांदळाच्या व्यापाऱ्याने म्हणे टोपलीभर आंबे पाठवले होते.

"आंबे आंबट निघाले, नाहीतर मी विचार केला असता," पाक्दे सांगायचे.

त्यांची बायको, लास्त्री बुदे, म्हणजे आमच्या थोरल्या काकू, लगेच म्हणायच्या, "गोड निघते तर माझी सुटका झाली असती."

पुढे पोट सुटलं आणि राणीपद गेलं. एकदा प्रेत होऊन पडले असताना गालावर डास बसला. प्रेताने चापट मारून डास मारला आणि ते पुन्हा मेलं. लोक इतके हसले की म्होरक्याने त्यांना कायमचा विदूषक करून टाकलं.

टीव्हीवर आले ते उतारवयात. मालिकेतले श्रीमंत साहेब पहिल्याच भागात वारले होते आणि त्यांच्या इस्टेटीवरून घरात भांडण जुंपलेलं. पाक्देंनी झाडांना पाणी घालायचं आणि "हो, बाईसाहेब" एवढंच म्हणायचं. पण ते म्हणायचे, "हो, बाईसाहेब, मोगऱ्याला विचारून सांगतो." दिग्दर्शक यानुआर कपाळावर हात मारून घ्यायचा. शेवटी त्याने माळ्याला मारायचं ठरवलं आणि आठवडाभर जाहिरात चालवली: गुरुवारी पाहा, माळ्याचा अखेरचा दिवस.

जाहिरात लागली तसा मोजोकेर्तोजवळच्या एका गावातून बाईंचा फोन आला. त्यांच्या पोराच्या सुंतेला पाक्देंच्या लुद्रुक मंडळीचा खेळ ठरला होता; टीव्हीवर आले तरी पाक्देंनी मंडळी सोडली नव्हती.

"पाक्दे, गुरुवारी तुम्ही मरताय ना?"

"असं ऐकतोय खरं."

"मग आमचं कसं हो? सासूबाई म्हणतात, मंगलकार्यात मेलेला माणूस नको."

"अहो, मी तुमच्याशी बोलतोय की."

"मला कळतंय. सासूबाईंना कोण सांगणार?"

पाठोपाठ दोन लग्नघरांचेही तसेच फोन आले. मंडळीच्या फलकावर पाक्देंचंच तोंड असायचं, 'टीव्हीवरचा माळी' म्हणून. ते बघूनच गावं बोलावत. माळी मेला की सगळ्या मंडळीचा हंगाम मेला, हे पाक्देंना पक्कं कळलं.

गुरुवारी सकाळी ते पेचेल-भात, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतली भाजी आणि भात, खात असताना फोनवर संहितेचं पान आलं. आमच्याकडे सकाळी पान येतं, दुपारी चित्रीकरण होतं, संध्याकाळी भाग दिसतो. पानावर होतं: माळी छातीला हात लावतो, कोसळतो, मरतो. संवाद नाही.

"बाळा, मरायला जरा वेळ मिळेल का?" पाक्देंनी यानुआरला विचारलं.

"घ्या. शेवटचंच आहे."

पाक्देंनी घेतला. आधी झारी पडली, मग टोपी, मग गुडघे, मग बाकीचे पाक्दे. बाईसाहेब झालेली नटी धावत येऊन वाकली. पाक्देंनी तिची बाही धरली आणि पानावर नसलेलं वाक्य बोलले.

"बाईसाहेब, साहेबांच्या कबरीत साहेब नाहीत."

ती नटीही रंगभूमीवरचीच. तिने किंचाळून विचारलं, "मग कुठे आहेत?"

"ते..." म्हणून पाक्देंनी मान टाकली.

यानुआर धावत आला. "पाक्दे, हे काय होतं?"

पाक्दे डोळे मिटूनच म्हणाले, "मेलेल्याला काय विचारतोस?"

नटी रडून रडून मेकअप उतरवून बसली होती, पुन्हा करायला वेळ नव्हता. संकलकाने ते वाक्य कापून पाहिलं तर भाग तोकडा पडला, कारण पाक्दे फार वेळ मरत होते. यानुआर माझ्याकडे वळला. "नुसता आवाज घालव."

"ओठ हलताना दिसतात, मास," मी म्हणालो. मास म्हणजे आमच्याकडे दादा.

भाग तसाच लागला. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी बायकांनी लास्त्री बुदेंना घेरलं. साहेब कुठे आहेत?

"आमचे हे कुठे जातात ते मला सांगत नाहीत," बुदे म्हणाल्या, "दुसऱ्यांचे साहेब कुठून सांगणार?"

वाहिनीचे फोन थांबेनात. माळी मेला तर उत्तरही त्याच्याबरोबर जाणार, म्हणून लेखिका निंग्रुमने त्याला दवाखान्यात बेशुद्ध ठेवलं. पाक्दे रोज येऊन खाटेवर झोपत. खरंच झोपत. घोरणं पुसायचं काम माझ्याकडे आलं.

गावच्या बाईंनी पुन्हा फोन केला. "सासूबाई विचारतात, बेशुद्ध माणूस चालतो का?"

त्यांनी वार-तिथी बघणाऱ्या म्हाताऱ्याला गाठलं. तो म्हणाला, जो मेला नाही तो जिवंतच. सुंता ठरल्याप्रमाणे झाली आणि मांडवाबाहेर फलक लागला: टीव्हीवर बेशुद्ध, इथे हजर.

निंग्रुम खेळाला मुद्दाम आली. उत्तर तिच्याकडेही नव्हतं. आत शिरताच तिने पाक्देंना गाठलं. "पाक्दे, उद्या तुम्हाला शुद्धीवर आणायचंय. साहेब आहेत तरी कुठे?"

"मला काय माहीत, पोरी? मी फक्त दार उघडलं. आत कोण आहे, ते लोक सांगतील."

ते विदूषक होऊन मंचावर गेले आणि प्रेक्षकांनी तोच प्रश्न टाकला. पाक्दे म्हणाले, "मी बेशुद्ध होतो. तुम्हीच सांगा." कोणी म्हणालं मक्केला, कोणी म्हणालं तुरुंगात. पहिल्या रांगेतल्या त्या सासूबाई पान थुंकून म्हणाल्या, "कुठे असणार? मालांगला, दुसऱ्या बायकोकडे."

मांडव हसून आडवा झाला. निंग्रुम शेंगा टाकून फोनवर टाइप करायला लागली.

सकाळी पान आलं. माळी डोळे उघडतो आणि म्हणतो, "मालांग."

"एकच शब्द?" पाक्देंनी विचारलं.

"एकच," यानुआर म्हणाला. "तो बोलायचा आणि गप्प पडायचं."

"बरं," म्हणत पाक्देंनी उशीवर डोकं टेकवलं.

मी माइक जरा आणखी जवळ नेला.