खोट्या बाया

वैशाखाचं ऊन सकाळीच माळवदावर चटके देत होतं. पंचशीला तुरीला तेल चोळून वाळत घालत होती, तेवढ्यात खाली दारात गाडी थांबली. कॉलेजातले विभागप्रमुख विजयसिंह सर. सर आपणहून घरी आले म्हणजे काम सरांचंच असणार. ती लगबगीनं खाली उतरली.

पंचशीला त्यांच्या हाताखाली तासिकेवर समाजशास्त्र शिकवायची. कारखान्यावरून परतलेल्या ऊसतोडीच्या बायांच्या ओट्यावर बसून ती महिनाभर एकच विचारत होती, गर्भपिशवी का काढली? त्या उत्तरांवर तिनं शोधनिबंध लिहून सरांना वाचायला दिला होता. पहिली बाई तिची मायच, मालनबाई. पाळीत कोयता थांबला की मुकादम खाडा लावायचा, दिवसाचे पैसे कापायचा. म्हणून पिशवीच काढून टाकलेली. इतक्या वर्षांत लेकीला न सांगितलेलं मालनबाईनं भिंतीकडं तोंड करून सांगितलं होतं.

"काम लई भारी झालंय," सर बाजेवर टेकले. "पण चाळीस बायांवर कोण छापतंय? दोनशे कर."

"बाकीच्या कुठून आणू, सर?"

"आणायच्या कशाला? हायेत त्यांचीच उत्तरं फिरवून लिही. वर माझं नाव, खाली तुझं. बढतीला पॉइंट कमी पडत्यात."

"तुमच्या तासाला वर्गात जागा पुरायची न्हाई, पोरं खिडकीत उभी ऱ्हायची, सर. मीबी त्यातलीच."

सरांचा चेहरा कडू झाला. "त्याला किती पॉइंट हायेत, सांग ना! नियम मी केला का? वरच्यांना निबंध मोजायचेत. घ्या म्हणावं निबंध!"

चहा घेऊन आलेली मालनबाई मधीच बोलली, "लिही की बाई. खऱ्या पिशव्या गेल्या तवा कुणी पुसलं न्हाई, खोट्यानं कुणाचं पोट दुखतंय? तुझे तास हायेत सरांच्या हातात."

पंचशीलाच्या अंगाची आग झाली. "माय, एक बाई खोटी निघाली की चाळीसच्या चाळीस खोट्या ठरत्याल! मग तू सांगितल्यालं कोण खरं धरील? पिशव्या काढणारा दवाखाना टाळ्या पिटील!"

ती सरांकडं वळली. "मुकादमाला दिवस भरायचे होते, म्हणून बायांच्या पिशव्या काढल्या. तुमाला पॉइंट भरायचेत, म्हणून मी कागदावर अजून काढू? न्हाई काढणार. अन् या चाळिसांवरबी तुमचं नाव लागणार न्हाई. एकीच्या तरी ओट्याला तुमचा पाय लागलाय का?"

सरांनी उष्टा कप खाली ठेवला. "जूनमधी तासिकेला माणसं लई मिळत्यात," एवढंच म्हणाले. गाडी धुरळा उडवत गेली.

"घालवलेस तास," मालनबाई करवादली. "आता येतीस का माझ्यासंगं कोयत्याला?"

पंचशीलाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण तेवढ्यात वेशीत टँकरचा भोंगा वाजला. सगळी गल्ली घागरी घेऊन पळाली. तिनंही पदर खोचला, दोन घागरी उचलल्या आणि नळीपाशी जागा धरायला गर्दीत घुसली.