कोळ्याला फ्रिजमध्ये ठेवायचंय म्हणे!

मंडळी, आपल्या फोटोग्राफी ग्रुपचे, किड्यांचे अगदी जवळून फोटो काढणारे मॅक्रोसम्राट आज सकाळी बरकतपुऱ्यात माझ्याकडे आले होते. कढीपत्त्यावरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचा फोटो हवा होता.

मी चहा टाकेपर्यंत साहेबांनी कोळ्याला डबीत कोंबलंसुद्धा! वर विचारतात, "वहिनी, फ्रिज कुठाय? थोडा गारठला की हलत नाही. मग हवा तसा बसवता येतो."

"नक्को भाऊ, आमच्या फ्रिजमध्ये दही असतं," म्हणत मी डबी हिसकावली. कोळ्याला पानावर सोडलं आणि साहेबांना बिनचहाचं वाटेला लावलं.

शी! गळ्यात एवढी महागडी लेन्स, आणि एवढ्याशा जिवासाठी दम धरवत नाही.

त्यांच्या फोटोतला तो दवात भिजलेला, निवांत बसलेला नाकतोडा आठवतो? त्याखाली "वा, किती जिवंत!" असं आपणच लिहिलं होतं ना?