डोंग्याची एक फळी

उन्हाळ्यात गोसीखुर्द धरणाचं पाणी उतरलं की नदीकाठी पांढऱ्या वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो. यंदा त्या वाळूतून एक जुना डोंगाही वर आला, लाकडी होडीच ती, आणि भंडाऱ्याहून पोरंपोरी तो पाहायला येऊ लागली. कुणी म्हणे शंभर वर्षांचा, कुणी म्हणे राजाच्या काळातला.

"राजाचा कायचा? तुया आजोबाचा होये तो," शकुनबाई नातीला म्हणाल्या. "चाल खुशबू, पाहून येऊ."

सेवकराम खाटेवरून हलले नाहीत. "चिखल आहे तिकडं. फसशील."

"अजी, जल्मभर डोंग्यात बसवलं, आता चिखलाचं भेव दाखवता का?"

शेवटी तेही निघाले, पण मागून मागून.

वाटेत शकुनबाईंनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. धरणाचं पाणी गावाला तिन्ही बाजूंनी वेढत होतं. गावातले सारे ढीवर मासेमार नव्या वसाहतीत गेले. शकुनबाई तेवढ्या हटून बसल्या. डोंगा आहे तोवर आपण अडकत नाही, हे त्यांचं एकच म्हणणं. मग एका सकाळी सेवकराम ओलेचिंब घरी आले. पाण्याखालच्या झाडाच्या खुंटाला लागून डोंगा फुटला होता, ते कसेबसे पोहून निघाले होते. त्याच आठवड्यात दोघांनी गाव सोडलं. वसाहतीत कुणीही बसायला आलं की शकुनबाई नवऱ्याचं ते पोहणं सांगत, आणि ऐकणाऱ्यालाच धाप लागे.

डोंगा कुशीवर पडला होता. त्याच्या अंगावर शेवाळ वाळून राखेसारखं झालं होतं. शकुनबाईंनी काठावरून हात फिरवला आणि वाकून खुंटाची जखम शोधू लागल्या. फुटलेलं कुठंच काही नव्हतं. तळाची एक फळी मात्र जागेवर नव्हती. तिच्या शेजारच्या कडा शाबूत होत्या, खिळ्यांची भोकं गोल होती. कुणीतरी एकेक खिळा हलवत, सैल करत, लाकडाला ओरखडाही न येऊ देता ती फळी काढली होती. फळी बदलायची असली की सेवकराम अशीच काढत.

शकुनबाई कितीतरी वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"कंबर भरली का वो?" सेवकरामांनी जवळ येऊन विचारलं.

"खुंट कुठं लागला जी?"

सेवकराम पाण्याकडे पाहू लागले. खुशबू दूर वाळूत शिंपले वेचत होती.

"पाणी उंबऱ्यापावेतो आलं होतं, शकुन. तू आयकत नव्हतीस."

"मले बोलाचं होतं."

"बोललो असतो तं आली असतीस?"

"नाई."

"मंग?"

"मंग काय! त्या दिवशी तुमच्या अंगाले तेल लावता लावता मी रडत होती. जाऊ द्या डोंगा, तुमी वाचले, म्हणत होती. अन् तुमी डोये मिटून चूपचाप लावू देल्लं."

सेवकराम डोंग्यावरचं वाळलेलं शेवाळ नखानं खरवडू लागले.

"आजी, आबा, उभे राहा ना! फोटो काढते," खुशबू धावत आली.

सेवकराम सवयीनं डोंग्याला टेकले, डावीकडे बायकोपुरती जागा ठेवून. शकुनबाई चार पावलं मागे सरल्या.

"त्यायचाच काढ. बनवला त्यायनं, बुडवला बी त्यायनंच."

"काय आजी तू पण!" खुशबू खळखळून हसली. तिनं मोबाइल समोर धरला. "आबा, इकडे पाहा. जरा हसा ना."