आत्याचे जमिनीखालचे पाइप

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर मी परत गप्प बसेन. शालनआत्या जाऊन पाच आठवडे झाले. मी डोंबिवलीला ऑफिसात टाइप करत बसलेले आणि बाबांचा फोन आला, "लगेच निघ, शालन गेली." एवढंच. मी फोन ठेवला आणि समोरचं अर्धं राहिलेलं पत्र पूर्ण केलं... का, माहीत नाही. बोटं थांबेचनात.

ती बोटं तिनेच तयार केलेली. आत्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहायची आणि पालिकेच्या लेखा विभागात होती. (गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कल्याणच्या पुढे कुठेतरी समजा.) दहावीनंतर मी टायपिंग शिकायला लागले तर म्हणाली, "क्लासातली तीच तीच अक्षरं किती दिवस बडवणार? हे घे, खरं काहीतरी टाइप कर." हे म्हणजे तिच्या टिपणीचा कच्चा खर्डा. दरवर्षी बजेटच्या आधी ती एकच टिपणी लिहायची. पाण्याचा कुठला पाइप कधी टाकला, किती वर्षांत सडणार, तेव्हा बदलायला किती लागतील, म्हणून आत्तापासून दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढा. मी जाम वैतागायचे. "आत्या, पाइप तर चालू आहेत की!"

"चालू आहेत तोवरच पैसे जमतात गं. फुटल्यावर नुसता खर्च होतो."

आणि दरवर्षी टिपणी शेरा घेऊन परत यायची, पुढील वर्षी विचार करू. एका वर्षी तर पैसे खरंच बाजूला ठेवले होते, ते नाक्यावरच्या स्वागत कमानीत गेले. आत्या हसली. "कमानीवर नाव कोरता येतं. जमिनीखालच्या पाइपावर कोण कोरणार?" हसली खरी, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

मग तो मे महिना. आमच्या रस्त्याखालचा पाइप फुटला, तिच्या यादीतला पहिलाच! नळाला गढूळ, वास मारणारं पाणी, आणि काही आठवड्यांत दोन घरांत कावीळ. अख्खी बिल्डिंग आत्याच्या दारात. वरचे जोशीकाका सगळ्यात पुढे, त्यांची नात आजारी होती. "बाई, तुम्ही पालिकेत बसता ना? पगार घेता ना? मग इतकी वर्षं झोपला होतात का?"

आत्याने फक्त विचारलं, "नात कशी आहे आता?"

"ते तुम्ही विचारूच नका!"

मी तिच्या मागेच उभी. एकोणीस वर्षांची घोडी. मला ती टिपणी पाठ होती हो, परिच्छेदांसकट! एक वाक्य पुरलं असतं. पण वाटलं, ऑफिसचे कागद ती घरी आणते हे कळलं तर तिच्यावरच येईल... असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू? काकांचा आवाज चढलेला आणि मी घाबरलेले. दार लावून आत्या म्हणाली, "चहा टाक गं." मी टाकला. तिने तो विषय परत कधी काढला नाही, मीही नाही. पुढच्या फेब्रुवारीत खर्डा मात्र आला, नवीन आकड्यांसकट. मी निमूट टाइप केला.

मागच्या रविवारी तिच्या घरी गेले. दिवाळीआधी ती सगळ्या नळांचे वॉशर बदलायची, नळ गळोत न गळोत. यंदाचे नवे वॉशर ड्रॉवरमध्ये आणून ठेवलेले... मी पाना घेऊन बसले. दार उघडंच होतं, जोशीकाका डोकावले. "अगं, गळत नाहीये तर कशाला बदलतेस?"

आणि मी सुटलेच! टिपण्या, शेरे, कमान, सगळं एका दमात, पाना हातात तसाच. काका ऐकता ऐकता खालीच बसले, उंबऱ्याशी, चपलांच्या शेजारी. मग हळूच म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

मी पुढचा नळ खोलायला घेतला.

तुमचं झालंय का हो असं? सगळं माहीत होतं, अगदी मागेच उभे होतात, आणि ते माणूस असेपर्यंत तोंडातून शब्दच फुटला नाही?